माझ्यापुरता सारांश

मॅडम,

एका गोष्टीबद्दल तुमच्याशी बोलायचं राहिलं आहे आणि ती गोष्ट चांगली नाही, म्हणून इतकी वर्षं टाळत आले. तुम्ही गेलात तेव्हा जेवढ्या वयाच्या होता, त्याच्या पुढे आता मी गेले आहे. तरी कांजूरमार्गच्या त्या वस्तीचा विषय निघाला की मला आधी वस्ती आठवत नाही, मुलं आठवत नाहीत. मुलुंडचं तुमचं स्वयंपाकघर आठवतं, आणि तिथे तुमच्या समोरच्या खुर्चीवर बसून चहा पिणारा तो माणूस.

मी तुमच्याकडे लागले तेव्हा एमएस्सी होऊन घरी बसले होते. वडिलांची गिरणी संपात बंद पडली ती पडलीच, आणि ते गोरेगावला एका कंपनीच्या गेटवर उभे राहायला लागले होते. कांदिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत मी एकटीच कॉलेजात गेलेली. तुमच्या हॉस्पिटलातल्या विभागात संशोधन सहायक हवी आहे असं कळलं आणि मी आले. तुम्ही मला आकडेमोडीबद्दल काही विचारलं नाहीत. एक छापील निबंध पुढे ठेवलात आणि म्हणालात, ‘हा वाच आणि मला सांग, मी तुझी आई आहे असं समजून.’ मी इंग्रजी शब्दांना मराठी शेपट्या लावून काहीबाही सांगितलं. तुम्ही शेवटपर्यंत ऐकून घेतलंत आणि म्हणालात, यातलं तुझ्या आईला एक अक्षरही कळलं नाही, पण तू शिकशील, उद्यापासून ये. पुढे मला कळलं की तुम्ही प्रत्येकाला हेच विचारायचात. तेव्हा मात्र वाटलं होतं की ही बाई वेगळी आहे. तेव्हा मी कोणावरही पटकन विश्वास टाकत असे.

कांजूरची वस्ती रुळांच्या पूर्वेला, मिठागरांच्या अंगाला. तिथे घरोघरी गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या यायच्या. बायका त्या फोडायच्या, आतलं शिसं काढायच्या आणि चुलीवर कढईत वितळवून त्याच्या वड्या पाडायच्या. एक शेठ होता, त्याचा टेम्पो बॅटऱ्या टाकून जायचा आणि वड्या घेऊन जायचा. मध्ये एक मुकादम, तो वस्तीतच राहायचा. त्या वस्तीतली मुलं पोटदुखी घेऊन तुमच्या ओपीडीत यायला लागली, फिकट, सुस्त, शाळेत मागे पडलेली, आणि तुम्हाला शंका आली. ती शंका खरी आहे का हे बघायला आपण मुलांचं रक्त तपासायचं ठरवलं. काही आयांचंही.

पहिल्या दिवशी आपल्याला कोणी दारात उभं केलं नाही. कोणीतरी म्हणालं हे रक्त विकतात, कोणी म्हणालं नसबंदीवाले आहेत. एकच बाई बोलायला तयार झाली. तिला सगळी वस्ती वहिनी म्हणायची, मग आपणही तेच म्हणायला लागलो. तिशीची असेल, लातूरकडची, तीन मुलींची आई. ती तुम्हाला म्हणाली, ‘आमच्या लेकरांचं रगात घिऊन जाल, आन् मंग बोर्डावर लिवाल. आमाला काय सांगनार?’ तेव्हा तुम्ही तिच्या ओट्यावर बसलात आणि शब्द दिलात: जे निघेल ते आधी तुम्हाला सांगू, मग बाकीच्यांना, आणि सगळं सांगू. मी शेजारी उभी होते, मॅडम. ‘सगळं’ हा शब्द तुम्ही वापरला होता. वहिनीने तिच्या धाकटीचा हात पुढे केला आणि तिच्यामागून बाकीची दारं उघडली.

रिपोर्ट आले तेव्हा शंकेला जागा उरली नाही. ज्या घरांत चूल आत होती त्या घरांतल्या मुलांच्या अंगात शिसं जास्त होतं. आयांच्याही होतं. आणि आयांना विचारलेल्या प्रश्नांतून आणखी एक गोष्ट दिसत होती, की बऱ्याच जणींची मुलं पोटातच गेली होती. तुम्ही मला म्हणालात, आता तीन सारांश लिही. एक डॉक्टरांच्या परिषदेसाठी, एक महापालिकेच्या वॉर्ड ऑफिससाठी, एक बायकांपुढे बोलण्यासाठी. मला वाटलं एकच लिहून त्याची भाषा बदलायची. मी तसं केलं आणि तुमच्याकडून पहिल्यांदा बोलणी खाल्ली. मुलुंडच्या घरी, गॅसवर डाळ शिजत होती, तुम्ही माझे कागद टेबलावर पसरून उभ्याउभ्याच वाचलेत. म्हणालात, ‘हे सगळं खरं आहे गं. पण हे वाचून उद्या सकाळी कोण काय करेल, याचा विचार केलायस? वॉर्ड ऑफिसर वस्तीचं नाव वाचेल आणि बुलडोझर पाठवेल. त्याला तेवढंच करता येतं.’ वस्तीचं नाव तुम्ही माझ्यादेखत खोडलंत आणि वर लिहिलंत, पूर्व उपनगरातील एक वस्ती. ते मला पटलं. शेवटी मी एक वाक्य लिहिलं होतं, व्यापाऱ्याने हे काम घराघरांत वाटणं बंद करावं. ते तुम्ही तसंच ठेवलंत. चांगलं आहे, म्हणालात.

बायकांसाठीचा मजकूर मी घरी वडिलांना वाचून दाखवावा, असं तुम्हीच सुचवलंत. वडिलांनी खाटेवर बसून सगळं ऐकलं आणि म्हणाले, ‘आमच्या गिरणीतलो डॉक्टर पण असोच सांगी, कापसापासून जपा म्हणान. गिरणीत कापूस नाय तर काय असतला?’ मग झोपायला वळताना म्हणाले, ‘ती बाई सांगता तां खरां असात. पण सगळां सांगता काय, तां बघ.’ मला त्यांचा राग आला. युनियनवाल्यांनी, मालकांनी, सरकारने, सगळ्यांनी फसवलेला माणूस, त्याला सगळीकडे फसवणूकच दिसणार, असं मी मनाशी म्हटलं.

त्याच आठवड्यात मी टाईप केलेले कागद द्यायला तुमच्याकडे आले. दार उघडंच होतं. स्वयंपाकघरात शेठ बसला होता. मी त्याला वस्तीत टेम्पोशेजारी पाहिलं होतं म्हणून ओळखलं, पांढरा सफारी, हातात चाव्यांचा जुडगा. तुम्ही काहीतरी सांगत होता आणि मला बघून थांबलात. तो लगेच उठला नाही. चहा संपवला, बशी नीट टेबलाच्या मध्ये सरकवली, तुम्हाला नमस्कार केला आणि गेला. तुम्ही मला बस म्हणालात, पोहे खाणार का विचारलंत. तो का आला होता हे मी विचारलं नाही, कारण मला वाटलं तुम्ही आपणहून सांगाल. तुम्ही सांगितलं नाहीत. कागद वाचायला ठेवून घेतलेत, आणि दुसऱ्या दिवशी परत दिलेत तेव्हा वॉर्ड ऑफिसच्या सारांशातलं माझं शेवटचं वाक्य नव्हतं. त्याच्या जागी तुमच्या अक्षरात होतं: कामाची जागा राहत्या घरांपासून वेगळी असावी. व्यापारी हा शब्द कुठेच उरला नव्हता.

मी विचारलं, हे का बदललं. तुम्ही म्हणालात, जे होऊ शकतं ते लिहावं. मी म्हटलं, माझी एक मैत्रीण पेपरात आहे, तिला सांगितलं तर शेठचं नाव सगळ्यांना कळेल. तेव्हा तुम्ही माझ्याकडे जे बघितलंत ते मला अजून दिसतं. रागाने नाही. बाजारात एखादी वस्तू हातात घेऊन परत ठेवावी तसं. ‘पेपरला ती एका दिवसाची बातमी आहे,’ तुम्ही म्हणालात. ‘त्या बायकांना दुसऱ्या दिवशीही तिथेच राहायचंय. मैत्रिणीशी बोलू नकोस.’ मी बोलले नाही. पण त्या दिवसापासून मी तुमचं प्रत्येक वाक्य कान टवकारून ऐकायला लागले, हे काय सांगतंय यापेक्षा यातून काय काढून टाकलंय ते.

मग रविवारची ती सभा. बालवाडीच्या खोलीत सतरंज्या टाकल्या होत्या. बायका, सासवा, काही पुरुष आणि भिंतीला टेकून मुकादम. तुम्ही किती सुंदर बोललात. कागद हातात घेतला नाहीत. पिठाच्या चाळणीसारखी आपल्या अंगाचीही चाळणी असते, पण शिसं इतकं बारीक की ते तिच्यातून जातं आणि हाडांत जाऊन बसतं, असं सांगितलंत. चूल घराबाहेर, मुलं चुलीपासून लांब, काम करून हात धुतल्याशिवाय बाळाला घ्यायचं नाही, कामाचं लुगडं वेगळं. म्हाताऱ्याही मान हलवत होत्या. मी लिहिलेल्या मजकुरातला एकही शब्द त्यात नव्हता आणि सगळा मजकूर होता. तुमच्याकडून शिकले ते मी त्या तासाभरात शिकले, हे आजही मानते.

तेवढ्यात मागून एका बाईने विचारलं, ‘आन् आमचं? आमचं पन रगात घेतलं ना?’

तुम्ही क्षणभरही थांबला नाहीत. म्हणालात, ‘तुमचं अजून यायचंय. आलं की सांगू.’

रिपोर्ट तुमच्या टेबलावर होते, मॅडम. मीच त्यांची फाईल केली होती. खोलीत ते मला आणि तुम्हाला माहीत होतं. मी वहिनीकडे बघितलं. ती मांडीवरच्या मुलीच्या वेणीकडे बघत होती. मुकादम जांभई देऊन बाहेर गेला.

परत येताना रिक्षात मी म्हटलं, रिपोर्ट आलेत ना. तुम्ही म्हणालात, आलेत. मग, मी म्हटलं. तुम्ही बाहेर बघत म्हणालात, ‘माणसाला एका वेळी एकच गोष्ट ऐकू येते.’ या वाक्यावर मी नंतर कितीतरी विचार केला. ते शहाणपणाचं आहे हे मला कळतं. आता मीही मुलांना शिकवताना ते वापरते. पण शेठला चहा पाजून सौदा करणारी बाईही नेमकं हेच बोलली असती.

पुढच्याच आठवड्यात तुम्ही मला साडी दिलीत. हिरव्या काठाची सुती, परिषदेत नेसायला. म्हणालात, तिथे लोक आधी साडी बघतात, मग आकडे. माझ्याकडे तसली साडी नव्हती हे तुमच्या लक्षात आलं होतं, आणि एरवी मी रडले असते. त्या दिवशी घरी येऊन घडी उलगडताना पहिला विचार आला तो हा, की ही कशाबद्दल. आईने हात फिरवून बघितला आणि म्हणाली, चांगला माणूस भेटला हो तुला. मी घडी परत घातली. परिषदेत ती नेसले. तुम्ही व्यासपीठावर इंग्रजीत बोलत होता आणि पडद्यावर ती ओळ आली: आयांच्या रक्तातही शिसं, आणि वाया जाणाऱ्या गर्भांशी त्याचा संबंध असण्याची शक्यता. सभागृहातल्या डॉक्टरांनी वह्यांत उतरून घेतलं. कांजूरच्या बायकांना जे कळलं नव्हतं ते आता दिल्ली-मद्रासच्या माणसांना कळलं. ‘आधी तुम्हाला’ म्हणाला होता तुम्ही. मी मागच्या रांगेत तुमच्या साडीत बसले होते आणि मला वडिलांचं वाक्य ऐकू येत होतं.

आणि तरी काम झालं. हेच मला कधी नीट मांडता येत नाही. वॉर्ड ऑफिसने वस्तीला हात लावला नाही. शेठने मिठागरांच्या कडेला पत्र्याची शेड बांधली, चुली घरांतून तिकडे गेल्या. वर्षाने आपण मुलांचं रक्त पुन्हा तपासलं तर ते उतरलं होतं. वहिनीची धाकटी वर्गात बोलायला लागली होती, शिक्षिका स्वतः सांगत आली. तुम्ही त्या दिवशी विभागात सगळ्यांना बटाटेवडे आणवलेत. मी विचारलं, आयांचं कधी तपासायचं. परवानगी आली नाही, म्हणालात. त्यानंतर थोड्याच दिवसांत तुम्हाला सरकारच्या एका समितीवर घेतलं. मी दोन्ही गोष्टी शेजारीशेजारी ठेवून बघितल्या आणि पुढच्या महिन्यात तुमच्याकडचं काम सोडलं. घाटकोपरच्या कॉलेजात जागा मिळाली असं कारण दिलं. ते खरंही होतं. तुम्ही निरोप देताना माझ्या खांद्यावर हात ठेवलात आणि मी तो किती वेळ राहतो हे बघत होते.

कॉलेजात लागल्यावर एक दिवस मी दुपारी एकटीच कांजूरला गेले. ठरवून गेले, वहिनीला सगळं सांगायचं म्हणून. ती शेडच्या दारात भेटली. शेडमधल्या बायकांवर आता तिची देखरेख होती. मला बाकावर बसवून तिने चहा मागवला आणि मी सांगायला सुरुवात केली. तुमच्याही रक्तात होतं वहिनी, तेव्हाच कळलं होतं, आणि मुलं टिकत नव्हती ती त्यामुळेही असेल. तिने मला पुरं बोलूही दिलं नाही.

‘ठाव हाय आमाला,’ ती म्हणाली. ‘मॅडम आल्या होत्या की. सभेच्या आदल्या सांजच्याला, एकल्याच. ज्यांचं ज्यांचं रगात घेतलं त्या समद्यांना माज्या घरात बशिवलं आन् सांगितलं.’ मग आवाज उतरवून तिने पुढचं सांगितलं. बायकांनीच म्हटलं होतं की हे सभेत काढू नका. मुकादमाला कळलं असतं की कोणाकोणाचं रक्त खराब आहे, तर त्याने त्यांना कामावरून काढून नव्या बायका आणल्या असत्या. सभेत मागून विचारलं ती मुकादमाची मेहुणी होती, तिला त्यानेच बसवलं होतं. लेकरांपुरतं बोला, आमचं आम्ही बघू, असं सगळ्यांचं ठरलं होतं.

मी म्हटलं, मग मला का नाही सांगितलं कोणी.

वहिनी हसली. ‘तुमच्या मैतरणीचा पेपर हाय म्हनं. मॅडम म्हनल्या, पोरगी चांगली हाय, पन तिच्या तोंडावर समदं दिसतं. तिला सांगू नगा.’

मला तिथे हलकं वाटायला हवं होतं. थोडा वेळ वाटलंही. तीन सारांश लिहायला शिकवताना तुम्ही चौथा माझ्यासाठी करत होता, माझ्यापुरता, मला सांभाळता येईल एवढाच. पण मॅडम, तुमच्याकडे राहून मला ऐकण्याची खोड लागली होती. वहिनी सांगत होती तेव्हा मुकादम शेडच्या आतच होता. ती एकदाही मागे वळली नाही, पण तिचा आवाज त्याच्यापुरता चढत-उतरत होता. चहा आला तेव्हा तिने पेला दोन्ही हातांनी उचलला, मनगटं खाली सोडून, आणि तो गरम होता म्हणून की शिशाने हातांतली ताकद गेली होती म्हणून, हे मला सांगता येत नाही. आणि ज्या संध्याकाळी तुम्ही तिच्या घरी आलात असं ती म्हणाली, त्या शनिवारी तुम्ही मला भावाकडे डोंबिवलीला चालले आहे असं सांगितलं होतं. म्हणजे दोघींपैकी एकीने मला खोटं सांगितलं. तुम्ही सांगितलं असेल तर ते त्यांच्यासाठी होतं. तिने सांगितलं असेल तर ते तुमच्यासाठी, किंवा त्या देखरेखीच्या कामासाठी, किंवा आत बसलेल्या माणसासाठी. आणि काहीही खरं असलं, तरी तुमच्या स्वयंपाकघरात काय ठरलं ते कोणीच मला सांगितलेलं नाही. पत्र्याच्या त्या शेडला खिडकी नव्हती. मुलं वाचावीत म्हणून बायका त्यात गेल्या, हे बायकांनी ठरवलं, की तुम्ही, की शेठने, हे आजही मला माहीत नाही. आता तिथे जाऊन विचारायला वस्तीच उरली नाही.

तुम्ही आजारी पडलात तेव्हा मी भेटायला आले होते. तुमच्याच हॉस्पिटलात, वरच्या मजल्यावर, खिडकीतून समोरच्या गच्चीवर वाळत टाकलेल्या गाद्या दिसत होत्या. तुम्ही फार बारीक झाला होता. भाची पाणी आणायला खाली गेली आणि खोलीत आपण दोघीच उरलो. तुम्ही म्हणालात, ‘बोल.’ मला वाटतं तुम्हाला माहीत होतं मी काय विचारायला आले आहे. नाही तर तो ‘बोल’ तसा आला नसता. मी विचारलं, मोसंबी सोलून देऊ का. तुम्ही मान हलवलीत, मी मोसंबी सोलली, शिरा काढून एकेक फोड तुमच्या हातात देत राहिले, आणि भाची परत आली. त्यानंतर तुम्ही पंधरवडाही काढला नाहीत.

आजारी माणसाला त्रास द्यायचा नव्हता म्हणून विचारलं नाही, असं मी सगळ्यांना सांगते. उत्तर वाईट निघेल याचीही भीती नव्हती. वाईट ते मी कधीच धरून चालले होते. भीती होती ती एवढीच, की मी विचारेन, आणि तुम्ही उशीवरून एकदा माझ्या तोंडाकडे बघाल, आणि मला झेपेल तेवढंच सांगाल. आणि ते मला पटेल.